पालथी ताटली

३ मार्च

ताई,

नमस्कार-चमत्कार राहू दे. फोन तू उचलत नाहीस. माझा नंबर दिसला की तुझा फोन चार्जिंगला असतो, नाहीतर भाऊजी उचलतात आणि माझा आवाज नीट ओळखून "राँग नंबर" म्हणतात. म्हणून पत्र. पत्र कट करता येत नाही. फाडता येतं, पण फाडायच्या आधी तू ते वाचणार, एवढी मी तुला ओळखते. शेजाऱ्यांची पाकिटंसुद्धा तू उजेडाला धरून बघायचीस.

आधी आनंदाची बातमी. मी हॉस्पिटलातून बाहेर येऊन दीड वर्ष झालं. सरकारने एक घर भाड्याने घेतलंय, आमच्यासारख्या, म्हणजे आयुष्यभर गोळ्या घेणाऱ्या लोकांसाठी. दुसरा मजला, चार छोट्या खोल्या, मध्ये एक स्वयंपाकघर आणि त्यात एवढं मोठं टेबल की ते आत कसं आलं हे घरमालकालाही माहीत नाही. प्रत्येकाला आपली खोली. खोलीला कडी. आणि ताई, कडी आतून! पहिल्या दिवशी मी ती इतक्या वेळा लावली-काढली की शेजारच्या खोलीतून मास्तर म्हणाले, "बाई, घासून जाईल."

मास्तर म्हणजे आमच्यातले एक. शाळेत भूगोल शिकवायचे. दुसरे ड्रायव्हरकाका, बस चालवायचे, अजून स्वयंपाकघरात वळताना हात बाहेर काढतात. तिसरी बेबी. बेबीचे सगळे केस पांढरे झालेत, पण तिला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारलेली कळतच नाही. ती बोलत नाही, विणते. काय विणते ते विचारायचं नाही, कारण तिलाही माहीत नसतं. आणि चौथी मी, टेलिफोन एक्स्चेंजमधली ऑपरेटर, जिने कानात आवाज ऐकण्याचा पगार वीस वर्षं घेतला आणि मग तेच आवाज फुकट ऐकायला लागली.

रोज सकाळी एक बाई येते. गोळ्या घेतल्या का बघते, बाजाराला सोबत येते, घरमालकाशी भांडते. ती सरकारच्या पगारावर आहे म्हणून आम्ही तिला "सरकार" म्हणतो. "सरकारला सर्दी झालीय", "सरकार आज उशिरा येणार", असं आमचं चालतं, आणि खालचा दुकानदार आम्हाला फार मोठी माणसं समजतो.

आता घोटाळा ऐक. गेल्या महिन्यात पाहणी होती. घर नीट चाललंय का ते बघायला एक साहेब येणार होते. आमची तंतरली. पाहणीत नापास झालं की परत हॉस्पिटल, परत बाहेरून कडी. मग आम्ही घर असं घासलं की विचारू नकोस. मास्तरांनी पडद्यांना इस्त्री केली. गोळ्यांचे डबे दिसायला बरे नाहीत म्हणून मी ते बेबीच्या लोकरीखाली लपवले. आणि सगळ्यात मोठी अक्कल ड्रायव्हरकाकांनी चालवली. ते म्हणाले, "सरकार इथे दिसली तर साहेबांना वाटेल, यांना अजून सांभाळावं लागतं. तिला सुट्टी देऊ." आणि आम्ही तिला सुट्टी दिली! "जा, नवऱ्याबरोबर सिनेमा बघ," म्हणून घालवलं.

साहेब आले. खूष झाले. म्हणाले, "माझं घर एवढं स्वच्छ नसतं." विचारलं, गोळ्या कोण बघतं? ड्रायव्हरकाका छाती फुगवून म्हणाले, "आमचे आम्ही." काही अडचण? आम्ही तिघे एका सुरात, "काही नाही!" बेबीनेसुद्धा मान हलवली. साहेबांनी जाताना हात मिळवला.

आठवड्याने पत्र आलं. वरच "अभिनंदन". मास्तरांनी ते तिथल्या तिथे भिंतीवर चिकटवलं. बाकीचं भिंतीवरच वाचावं लागलं. आम्ही संपूर्ण स्वावलंबी झालोय. सबब आम्हाला आधाराची गरज नाही. सबब घराचं भाडं आणि सरकारचा पगार बंद. घर या महिनाअखेर सोडायचं, आणि ज्याने त्याने आपापली सोय करायची.

कळलं का? बिघडलात तर आत, सुधारलात तर रस्त्यावर. मधल्यामध्ये राहायला पाहिजे होतं, ते कुणी सांगितलंच नाही.

सरकार आम्हाला इतकी बोलली, इतकी बोलली, आणि मग रडली. मग तिने अर्ज केला. आता समितीसमोर सुनावणी आहे, वीस तारखेला. डॉक्टरांचे कागद आहेत, पण समितीला घरचं माणूस समोर हवंय, ज्याने आजार जवळून बघितलाय. मास्तरांच्या मुलाने नंबर बदलला. ड्रायव्हरकाकांचा भाऊ म्हणतो, माझा भाऊ वारला. बेबीचं कोण आहे हे बेबीलाही सांगता येत नाही. उरलीस तू.

म्हणजे चार माणसांचं घर तुझ्या जिभेवर आहे. ती जीभ मला माहीत आहे, म्हणून तर आशा आहे. ये, आणि माझी भरपूर बदनामी कर.

तुझी
धाकटी

११ मार्च

ताई,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. गुडघे दुखतात, भाऊजींचं बीपी वाढलंय, भाचीच्या सासरचे यायचेत, आणि "तू आता बरी आहेस हे वाचून आनंद झाला."

तुझ्या आनंदाचं मी काय करू? तोच तर त्यांनी कागदावर लिहून पाठवलाय!

खरं कारण मला माहीत आहे, तेच सांग ना. नातेवाइकांत तू सांगून ठेवलंयस की मी परदेशात आहे. अकरा वर्षं मी परदेशात आहे. काकू अजून विचारतात म्हणे, तिकडे थंडी फार का? सांग त्यांना, थंडी बेताची आहे, पण परदेशात मोरीचा पाइप तुंबलाय आणि घरमालक माणूस पाठवत नाही.

तू आली नाहीस तर काय, म्हणून आम्ही दुसरा उपाय करून बघितला. समितीसमोर जरा आजारी दिसायचं ठरवलं. रविवारी टेबलाशी तालीम घेतली. ड्रायव्हरकाका उभे राहिले, डोळे फिरवले, हात थरथरवले आणि असा काही आवाज काढला की बेबी हसली. दीड वर्षात पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला, तो हसण्याचा. मास्तर म्हणाले, "मी खोटं करणार नाही. आणि खरं करायला गेलो तर ते माझ्या सांगण्याने थांबणार नाही." मी प्रयत्नच केला नाही. मला शरम वाटली. जे दिवस मी दात आवळून काढले, त्यांची नक्कल करायची?

पण त्या दिवसांचं खरं सांगायला मला येत नाही, ताई. मला त्यातलं निम्मं आठवत नाही. ते तुझ्याकडे आहे. तुझ्या नणंदेच्या लग्नात मी कात्री घेऊन सगळी फुलं कापली, कारण प्रत्येक फुलात मायक्रोफोन होता. हे मला इतकंच आठवतं. त्याआधी मी किती दिवस जेवले नव्हते, तू मला धरून कुठल्या खोलीत नेलंस, दाराबाहेर किती वेळ बसलीस, ते तुला माहीत. ते सांग. मला शिव्या घाल. नणंदेच्या फुलांच्या शिव्या तुझ्या पोटात साठल्या असतील, त्या समितीसमोर मोकळ्या कर.

आमची ताटलीची पद्धत तुला सांगायची राहिली. ती बेबीमुळे सुरू झाली. एकदा जेवताना तिने आपली ताटली पालथी घातली आणि तशीच बसली. आम्ही तिघांनी विचारून विचारून तिला भंडावलं, तेव्हा ती खोलीत गेली आणि कडी लावून घेतली. तेव्हापासून नियम झाला. ज्याच्या डोक्यात गलका वाढेल त्याने ताटली पालथी घालायची. बोलायची गरज नाही, आणि कुणी विचारायचं नाही. ड्रायव्हरकाका चहा टाकतात. मास्तर खिडक्या लावतात, रेडिओ बंद करतात. बेबी शेजारी येऊन विणते. ताटली उलटी झाली, म्हणजे सुलटी झाली, की मग बोलायचं. चहानंतरही पालथीच राहिली तर सरकारला फोन लावायचा. फोन माझ्याकडे. अर्थात.

आणि पालथी ताटली माझी असली तर फोन मास्तर लावतात आणि दर वेळी आधी चुकीचा लागतो.

हे घर गेलं तर मी पुन्हा एकटी कुठल्यातरी खोलीत राहीन, ताई. मला भीती वाटते. चेष्टा बाजूला ठेवून लिहिते, मला फार भीती वाटते.

वीस तारीख, सकाळी अकरा. जिना आहे. हळू चढ.

धाकटी

२१ मार्च

ताई,

तू आलीस. आधी ते लिहिते, कारण पुढे मी तुला बोलणार आहे.

तू आलीस. ठेवणीतले कपडे, केस रंगवलेले, हातात पर्स घट्ट. तीन जिने चढून आलीस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "बारीक झालीस." मला इतकं बरं वाटलं की मला वाटलं, आता जिंकलो.

आणि मग तू काय केलंस! एका बाजूला तू, आम्ही चौघं आणि सरकार; समितीत तिघं होते. पाहणीला आलेले ते साहेब, एक डॉक्टरीणबाई आणि मध्ये ते म्हातारे अध्यक्ष, ज्यांच्यासमोर चहा होता. त्यांनी किती नीट विचारलं, "आपल्या बहिणीला घरी काय त्रास व्हायचा?" तू खुर्चीत ताठ झालीस. म्हणालीस, "त्रास? छे हो. आमच्या घरात तसलं काही नाही. थोडी हळवी आहे, एवढंच." अध्यक्षांनी हॉस्पिटलचे कागद उचलून दाखवले, केवढा गठ्ठा, आणि विचारलं, "मग ही अकरा वर्षं?"

"ती परदेशात होती," तू म्हणालीस.

समितीसमोर, ताई! हॉस्पिटलचे कागद टेबलावर असताना! ते बिचारे अध्यक्ष, त्यांनी चष्मा पुसून विचारलं, "कुठल्या देशात?"

मग मी काय ओरडले ते तू ऐकलंस. "फुलांचं सांग ना! सांग, लाज वाटते का माझी?" तू उठलीस, पर्स घेतलीस आणि बाहेर गेलीस. तुला वाटलं असेल, बहिणीची अब्रू राखली आणि वर हिने तोंड सोडलं. दाराबाहेर बाकावर तू बसली होतीस हे शिपायाने नंतर सांगितलं. आत काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते.

माझ्या डोक्यात गलका सुरू झाला. खरा. सगळ्या लाइनी एकदम लागल्या. मला फक्त एवढं कळत होतं की ताटली पाहिजे. ताटली कुठे मिळणार तिथे? मी पुढे झाले, अध्यक्षांचा कप उचलून त्यांच्याच हातात दिला, आणि त्यांची बशी टेबलावर पालथी घातली.

अध्यक्ष कप धरून बसलेले, ठेवायला बशी नाही.

ड्रायव्हरकाका उठले आणि सरळ बाहेर गेले. कुठे? शिपायाच्या खोलीत, चहा टाकायला. शिपाई ओरडत होता, काका म्हणत होते, "साखर कुठे ते सांग, भांडण नंतर." मास्तरांनी एकेक खिडकी लावली, पंखा बंद केला, मग पलीकडच्या खोलीत जाऊन टायपिंग करणाऱ्या मुलीला म्हणाले, "बाळ, पाच मिनिटं थांब." त्यांच्या आवाजाला ती थांबलीच, वर्गातल्यासारखी. आणि बेबी आली. मी तिथेच टेबलाच्या टोकाला बसले होते आणि शेजारच्या खुर्चीत पाहणीचे साहेब होते. ती त्यांच्यासमोर उभी राहिली. ते उठेपर्यंत उभी राहिली. मग बसली आणि विणायला लागली.

साहेबांनी विचारलं, "अहो, काय चाललंय? यांना काय होतंय?"

बेबीने तोंडावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "श्श."

ताई, बेबी बोलली! "श्श" म्हणजे बोलणंच झालं.

किती वेळ गेला मला माहीत नाही. चहा आला, शिपायाच्या नशिबाने सगळ्यांसाठी आला. मी प्यायले. लाइनी एकेक करून बंद झाल्या. मी बशी सुलटी केली, पुसली आणि अध्यक्षांना परत दिली. "माफ करा, चहा गार झाला असेल," मी म्हणाले. ते म्हणाले, "असू दे."

मग त्यांनी विचारलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं? मास्तर म्हणाले, "कुणी नाही. एकत्र राहिलो म्हणून आलं." त्यांनी विचारलं, आणि चौघं चार ठिकाणी राहिलात तर? ड्रायव्हरकाका दारात ट्रे घेऊन उभे होते. ते म्हणाले, "ताटली पालथी घालीनच, साहेब. पण बघणार कोण?"

डॉक्टरीणबाईंनी लिहिणं थांबवलं. मग सरकार बोलली, गोळ्यांचं, पाहणीच्या दिवशी आम्ही तिला घालवून दिलं त्याचं, सिनेमाचंसुद्धा. पाहणीचे साहेब म्हणाले, "म्हणजे तो एवढा चकाचक कारभार माझ्यासाठी होता?" मास्तर म्हणाले, "पडदे अजून इस्त्रीचेच आहेत." साहेब हसले, पण कान लाल झाले होते.

निकाल कळवू म्हणाले. आम्ही बाहेर आलो तेव्हा बाक रिकामा होता.

मला तुझा राग आला होता. अजून आहे. काल परत येताना बसमध्ये मी तुला मनातल्या मनात जे बोलले, ते ऐकून ड्रायव्हरकाका म्हणाले, "ओठ हलतायत." पण तू गुडघे घेऊन तीन जिने चढलीस. माझी बदनामी करायला आलीस आणि ऐन वेळी तुला ती जमली नाही. मला त्याचं हसूही येतंय आणि रडूही. घर बघून जा, ताई. महिनाअखेरपर्यंत तरी ते आमचं आहे.

धाकटी

८ एप्रिल

ताई,

निकालाचं तुला परवा जेवताना तोंडी सांगितलंच, तरी लिहून पाठवते, कारण मला ते लिहायला फार आवडतं. घर राहिलं! भाडं सुरू, सरकार सुरू. शेवटी एक ओळ आहे की पुढच्या पाहणीच्या दिवशी देखरेखीच्या बाईला रजा देण्यात येऊ नये. मास्तरांनी हेही पत्र भिंतीवर चिकटवलं, पण या वेळी आधी पूर्ण वाचून.

आता रविवारबद्दल. तू आलीस ते चार उशांचे अभ्रे घेऊन, आणि आल्या आल्या नळ गळतो, ओट्याखाली बुरशी आहे, बेबीला चष्म्याचा नंबर बदलायला हवा, असं सगळं सांगून टाकलंस. घरमालकालाही फोन लावून झापलंस. सरकार म्हणाली, "या बाईंना इथे कायमचं ठेवून घ्या." माझ्या खोलीत गेलीस, कडी एकदा लावून बघितलीस, काढलीस. मी बघत होते.

मग आपण टेबलाशी बसलो. तू बोलत होतीस. किती बोलत होतीस! भाऊजींचं बीपी, नवीन फर्निचर, भाचीचं सासर किती चांगलं, फोन करायला तिला वेळ मिळत नाही पण किती चांगलं, घर किती मोठं झालंय आता तुम्हा दोघांना, भाऊजी संध्याकाळी टीव्हीशी बोलतात पण ते सगळ्यांचंच, नाही का. ड्रायव्हरकाका वाढायला आले. आणि तू बोलता बोलता तुझी ताटली पालथी घातलीस.

मला आधी वाटलं, बुडाशी कंपनीचं नाव बघतेस. तुझी सवयच आहे ती. मी हसणारसुद्धा होते. पण तू हात ताटलीवर ठेवलास आणि बोलणं थांबवलंस.

ड्रायव्हरकाकांनी पातेलं खाली ठेवलं आणि चहाचं आधण ठेवलं. मास्तर खिडक्या लावायला उठले. बेबी खुर्ची ओढून तुझ्याशेजारी आली. मीच एकटी तशी बसून राहिले. माझं काम फोनचं. पण तुझ्यासाठी मी फोन कुणाला लावू, ताई? तुझं सरकार कोण?

तू रडलीस ते मी बघितलं नाही असं धर. चहा प्यायलीस. मग बसची वेळ झाली, तू घाईघाईने उठलीस, मला जवळ घेतलंस, अकरा वर्षांनी, पर्स मध्ये टोचत होती, आणि गेलीस. ताटली सुलटी करायची राहिली.

ती अजून तशीच आहे. पाचव्या खुर्चीसमोर. कुणी हात लावत नाही. काल सरकारने टेबल पुसताना ती उचलली तर बेबीने तिचा हात धरला. आम्ही टेबलाच्या उरलेल्या भागात जेवतो, थोडं दाटीवाटीने.

नियमाप्रमाणे मी तुला काही विचारणार नाही. भाऊजींचं नाही, भाचीचं नाही, घराचं नाही. काकूंना माझं काय सांगतेस तेही नाही. परदेशातच ठेव मला, हरकत नाही, इथे बरं चाललंय. पण चहानंतरही ताटली पालथी राहिली तर फोन करायचा असतो, आणि तो मीच करायचा असतो.

पत्र शनिवारपर्यंत पोचेल. रविवारी सकाळी मी फोन लावते. उचल. भाऊजींना उचलू देऊ नकोस. बोललीच पाहिजेस असं काही नाही. तू नुसती धरून बस. मी लाइनवर राहीन, ते काम मला येतं.

तुझी
धाकटी